साडेतेरा तासांचे तारे आणि दुप्पट झालेले विश्व

१/२१
सप्टेंबर १९५२. रोममध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अधिवेशन भरले होते. जर्मनीत जन्मलेले शास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी तेथे सांगितले, की जगातील सर्वांत मोठ्या दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांत जे तारे दिसायला हवे होते, ते दिसलेच नाहीत. या न दिसण्यातून दूरच्या दीर्घिकांची अंतरे दुप्पट झाली आणि त्यासोबत विश्वाचे वयही. ते तारे कोणते, ते दिसतील असा भरवसा का होता, आणि त्यांच्या नसण्याला एवढे वजन कसे आले, याचा हा धागा.

२/२१
ज्या ताऱ्यांचे तेज कमीजास्त होते, त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. तिमिंगल तारकासमूहातील मायरा हा तारा एका आवर्तनाला सुमारे ११ महिने घेतो. आपल्या कथेतील तारे त्या मानाने फारच उतावळे. त्यांचे आवर्तन एका दिवसाच्या आत, बहुधा अर्ध्या दिवसाच्या आसपास पुरे होते. तेज झपाट्याने चढते, सावकाश उतरते, काही काळ मंद राहते आणि पुन्हा उसळते. आज यांना ‘आर. आर. लायरी’ वर्गातील स्पंदमान तारे म्हणतात. त्यांची ओळख मात्र दक्षिण अमेरिकेतील एका डोंगराळ गावी सुरू झाली.

३/२१
अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेची सूत्रे १८७७ मध्ये एडवर्ड पिकरिंग यांच्या हाती आली. सारे आकाश काचेच्या छायाचित्रांवर उतरवून ठेवायचे, हा त्यांचा ध्यास होता. पण उत्तरेत बसून दक्षिणेचे आकाश दिसत नाही. युराया बॉयडेन यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या निधीतून पेरू देशात आरेकिपा येथे हार्वर्डची शाखा उभी राहिली. एल मिस्ती ज्वालामुखीच्या पायथ्याशी, सुमारे ८,००० फुटांवर. जागेच्या शोधासाठी १८८९ मध्ये जे गृहस्थ पत्नी आणि लहान मुलासह तिकडे गेले, त्यांचे नाव सोलन बेली.

४/२१
बेलींनी १८९३ पासून गोलाकार तारकागुच्छांची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. हे गुच्छ म्हणजे लाखो ताऱ्यांची एकाच ठिकाणी झालेली दाटी. त्यांतला सर्वांत तेजस्वी ओमेगा सेंटॉरी, नरतुरंग तारकासमूहात आहे. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास महाराष्ट्रातूनही तो दक्षिण क्षितिजाच्या थोडा वर, धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. बेली दांपत्याने त्याच्या छायाचित्रावरील तारे एकेक करून मोजले. ती मोजणी ६,००० च्या पुढे गेली. या गर्दीत काही तारे एका काचेवर ठळक आणि दुसरीवर फिकट दिसत होते.

५/२१
हे तारे शोधणे सोपे नव्हते. मंद ताऱ्यांचे छायाचित्र घ्यायचे तर काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. पण जो तारा तासाभरात उजळतो, त्याचे चित्र तासभर घेतले, तर चढउतार त्या चित्रातच विरघळून जातो. वेळ कमी केला, तर तारा उमटतच नाही. शिवाय गुच्छाच्या मध्यभागी शेजारच्या ताऱ्यांचे डाग एकमेकांत मिसळतात. बेलींनी कडेचे, सुटे दिसणारे तारे निवडले. आसपासच्या स्थिर ताऱ्यांची तेजानुसार क्रमवार यादी केली, आणि प्रत्येक काचेवर संशयित तारा त्या क्रमात कुठे बसतो ते भिंगातून पाहून नोंदवले. हजारो वेळा.

६/२१
१९०२ मध्ये ओमेगा सेंटॉरीवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या एका गुच्छात १२८ रूपविकारी तारे होते, आणि त्यांतील बहुसंख्यांचे आवर्तन एका दिवसाहून कमी. प्रकाशवक्राच्या आकारावरून बेलींनी त्यांचे अ, ब, क असे तीन पोटवर्ग पाडले. फरक इतका नेमका टिपलेला होता, की किरकोळ बदलांसह हीच विभागणी आजही वापरली जाते. गुच्छांत सापडले म्हणून या ताऱ्यांना ‘गुच्छ-रूपविकारी’ असे नाव पडले.

७/२१
एवढ्या घाईच्या ताऱ्याचा आवर्तनकाळ काही सेकंदांपर्यंत अचूक कसा काढायचा? युक्ती सोपी आहे. हवा तो धीर. साडेतेरा तासांचे आवर्तन असलेला तारा वर्षभरात सुमारे ६४४ वेळा उजळतो. तुमच्या गणितात एका सेकंदाची चूक असेल, तर वर्षअखेरीस ती साठत साठत जवळपास ११ मिनिटांची होते आणि डोळ्यांना दिसते. म्हणून आज घेतलेली काच दहा वर्षांपूर्वीच्या काचेशी जुळवली, की काळ सूक्ष्मपणे हाती येतो. हार्वर्डने काचा जपून ठेवल्या, त्याचे हे फळ.

८/२१
इकडे केंब्रिजमध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्यातील मुख्य वेधशाळेत, त्या काचा तपासणाऱ्या स्त्रियांच्या प्रमुख होत्या विल्यमिना फ्लेमिंग. स्कॉटलंडमधील डंडी येथे जन्म, अमेरिकेत आल्यावर पतीने सोडून दिले, पोटात मूल. पिकरिंग यांच्या घरी त्या घरकामास राहिल्या आणि पुढे वेधशाळेच्या कामावर आल्या. १८९९ मध्ये त्या वेधशाळेच्या छायाचित्रसंग्रहाच्या अधिकृत प्रमुख झाल्या. आयुष्यात त्यांनी ३०० हून अधिक रूपविकारी तारे शोधले. त्यांतलाच एक स्वरमंडल तारकासमूहात होता.

९/२१
हा तारा कोणत्याही गुच्छात नव्हता. एकटाच, मोकळ्या आकाशात, सातव्या आणि आठव्या प्रतीच्या दरम्यान हेलकावत होता. (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद, नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतच दिसते.) आवर्तन १३ तास ३६ मिनिटांचे. वागणूक हुबेहूब बेलींच्या ताऱ्यांसारखी. म्हणजे ही जात गुच्छांपुरती नव्हती. या वर्गातील हाच सर्वांत तेजस्वी तारा, म्हणून पुढे साऱ्या वर्गाला त्याचे नाव मिळाले: आर. आर. लायरी.

१०/२१
पण तारा असा उजळतो-मंदावतो का? त्या काळचे उत्तर होते: जोडतारा. वर्णपटातील रेषा मागेपुढे सरकत, त्यावरून दोन तारे एकमेकांभोवती फिरत असावेत, असे मानले जाई. १९१४ मध्ये हार्लो शॅप्ली या तरुण शास्त्रज्ञाने या कल्पनेतील अडचण उघड केली. रेषांवरून कक्षेचे माप काढले, तर ती इतकी लहान येते की सोबतीचा तारा मुख्य ताऱ्याच्या पोटातच फिरायला हवा. तेव्हा सोबती कुणी नाही. ताऱ्याचा पृष्ठभागच पुढे-मागे होतो, तारा स्वतः स्पंदन पावतो.

११/२१
आर्थर एडिंग्टन यांनी लवकरच या स्पंदनाचे गणित मांडले, आणि १९५० च्या दशकापासून त्यामागची यंत्रणा स्पष्ट होत गेली. उकळत्या भाताच्या भांड्यावरचे झाकण आठवा. वाफ कोंडते, झाकण उचलले जाते, वाफ निसटते, झाकण खाली पडते. या ताऱ्यांत झाकणाचे काम हेलियमचा एक थर करतो. थर दाबला गेला, की हेलियमचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात, आणि आतली उष्णता त्यातून सहज बाहेर पडत नाही. ती साचून तारा फुगतो. फुगल्यावर थर पुन्हा पारदर्शक होतो, उष्णता निसटते, तारा आकसतो.

१२/२१
शॅप्ली कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत रुजू होण्यापूर्वी हार्वर्डला जाऊन आले. तेथे बेलींनी त्यांना सुचवले, की तुमच्याकडे मोठी दुर्बीण असणार, तर गोलाकार गुच्छांतील ताऱ्यांची मापे घ्या. शॅप्लींनी पुढे आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदवला. स्वतः वीस वर्षे ज्या क्षेत्रात घालवली, त्याची किल्ली बेलींनी एका नवख्याच्या हाती सहज ठेवली. शॅप्लींच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम त्या सूचनेतून निघाले.

१३/२१
किल्ली कोणती? एका गुच्छातले सारे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. बेलींच्या मापांत एका गुच्छातील या जातीचे तारे सरासरीने सारख्याच तेजाचे दिसत. म्हणजे त्यांचे मूळ तेजही सारखेच. दिवाळीच्या रात्री दूरच्या ओट्यावरच्या पणत्या पाहा: सगळ्या एकाच मापाच्या असतील, तर जी मंद दिसते ती दूर आहे. चारपट मंद असेल, तर दुप्पट दूर. हा चार आणि दोनचा हिशोब लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

१४/२१
या पणत्यांच्या आधारे शॅप्लींनी गुच्छांची अंतरे काढली. १९१८ च्या सुमारास चित्र उभे राहिले: सारे गुच्छ धनु तारकासमूहाच्या दिशेतील एका बिंदूभोवती विखुरलेले होते. तोच आकाशगंगेचा मध्य, आणि सूर्य तेथून फार दूर. कोपर्निकस यांनी पृथ्वीला मध्यावरून हलवले होते. या लहान ताऱ्यांनी सूर्याला हलवले. शॅप्लींनी आकाशगंगेचा व्यास सुमारे ३ लाख प्रकाशवर्षे सांगितला. ताऱ्यांमधील धूळ प्रकाश शोषते, हे तेव्हा हिशोबात नसल्यानेही तो आकडा फुगला होता. दिशा मात्र अचूक निघाली.

१५/२१
याच यशात एक चूक दडली होती. १९१२ मध्ये हार्वर्डच्याच हेन्रिएटा लेव्हिट यांनी लहान मॅगेलनी मेघातील २५ रूपविकारी ताऱ्यांवरून दाखवले होते, की आवर्तन जितके लांब, तितके मूळ तेज अधिक. काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत आवर्तन असलेल्या अशा ताऱ्यांना सेफीड म्हणतात. शॅप्लींनी आपल्या जवळचे सेफीड, गुच्छांतील सेफीड आणि साडेतेरा तासांचे तारे ही सारी एकाच जातीची भावंडे मानून एकाच वक्रात गुंफली. तो वक्र ही सर्वांची मोजपट्टी झाली.

१६/२१
ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानी ‘तेजोमेघा’त एक सेफीड सापडला. काचेवर आधी केलेली नवताऱ्याची खूण खोडून त्यांनी तेथे ‘रूपविकारी’ असे लिहिले. शॅप्लींच्या पट्टीने अंतर निघाले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. म्हणजे देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका. पण पुढे १९२९ पासून विश्वाच्या प्रसरणाचा वेग मोजला, तेव्हा याच पट्टीने विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे येऊ लागले. किरणोत्सर्गी खडक मात्र पृथ्वीचेच वय ३०० कोटींच्या घरात सांगत होते. आईपेक्षा लेक मोठी! आणखीही खटकत होते: देवयानीतले गोलाकार गुच्छ आपल्याकडच्या गुच्छांहून उगाचच मंद भासत.

१७/२१
दुसरे महायुद्ध सुरू झाले. माउंट विल्सनचे बहुतेक शास्त्रज्ञ युद्धकार्यास गेले. बाडे जर्मन नागरिक, म्हणून त्यांना त्या कामात स्थान नव्हते. ते वेधशाळेतच राहिले. हवाई हल्ल्याच्या भीतीने लॉस एंजेलिसचे दिवे मंद केलेले, आकाश कधी नव्हे इतके काळोखे, आणि १०० इंची दुर्बीण मोकळी. तांबड्या प्रकाशाला संवेदनशील काचा वापरून त्यांनी १९४३ मध्ये देवयानीच्या गाभ्यातील तारे सुटे टिपले. निष्कर्ष १९४४ मध्ये छापला गेला: ताऱ्यांचे दोन समुदाय आहेत. बाहूंमध्ये तरुण, निळसर तारे. गाभ्यात आणि गोलाकार गुच्छांत जुने, तांबूस. साडेतेरा तासांचे तारे दुसऱ्या समुदायातले.

१८/२१
मग पॅलोमार पर्वतावर २०० इंची दुर्बीण आली. जुन्या पट्टीनुसार देवयानीतील आर. आर. लायरी तारे २२.४ प्रतीचे असायला हवे होते. म्हणजे नव्या दुर्बिणीच्या आवाक्याच्या अगदी काठावर. बाडे यांनी छायाचित्रे घेतली. त्या प्रतीला तारे उमटले खरे, पण ते स्पंदणारे तारे नव्हते. ते जुन्या समुदायातील सर्वांत तेजस्वी तांबडे महातारे होते. आपल्या गोलाकार गुच्छांत हे महातारे आर. आर. लायरींपेक्षा सुमारे दीड प्रतीने तेजस्वी असतात. मग देवयानीतले आर. आर. लायरी २३.९ च्या आसपास असणार. दुर्बिणीच्या पलीकडे.

१९/२१
दीड प्रत म्हणजे तेजात चौपट फरक. चौपट मंद म्हणजे दुप्पट दूर. आर. आर. लायरींची पट्टी जवळपास बरोबर होती. खोट होती ती सेफीडांशी मारलेल्या गाठीत. दीर्घिकांच्या बाहूंतले तरुण सेफीड आणि गुच्छांतले जुने सेफीड या दोन वेगळ्या जाती होत्या, आणि तरुण सेफीड समजापेक्षा चौपट तेजस्वी होते. रोमच्या सभेत बाडे हे सांगून थांबतात, तोच दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या डेव्हिड थॅकरे यांनी दुजोरा दिला. प्रिटोरियाच्या ७४ इंची दुर्बिणीने त्यांना आणि एड्रियन वेसेलिंक यांना मॅगेलनी मेघांतील गुच्छांत आर. आर. लायरी सापडले होते; तेही अपेक्षेपेक्षा दीड प्रतीने मंद. त्या बैठकीची नोंद लिहिणारे चिटणीस होते फ्रेड हॉइल.

२०/२१
त्या क्षणी विश्वाचे वय त्या काळी ज्ञात असलेल्या पृथ्वीच्या वयाच्या पुढे गेले. पुढच्या काळात आणखी दुरुस्त्या झाल्या. देवयानीचे अंतर आज सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते. तेथील आर. आर. लायरी प्रत्यक्ष दिसायला मात्र १९८७ साल उजाडावे लागले. हवाई बेटावरील ३.६ मीटर दुर्बिणीने इलेक्ट्रॉनिक टिपणीच्या साहाय्याने ते पकडले. आता गाया उपग्रहाच्या यादीत असे २ लाख ७० हजारांहून अधिक तारे आहेत. तरी कोडे उरलेच: १९०७ मध्ये मॉस्कोच्या सेर्गेई ब्लाझ्को यांनी असा एक तारा नोंदवला, की ज्याची लयच हळूहळू बदलते. आर. आर. लायरीही तसाच, सुमारे ४० दिवसांच्या फेऱ्यात. या लयबदलाचे सर्वमान्य कारण अजून सापडलेले नाही.

२१/२१
हा तारा तुम्हीही पाहू शकता. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी वायव्येला तेजस्वी अभिजित शोधा. अभिजित आणि हंस यांच्या मधल्या पट्ट्यात, साध्या द्विनेत्रीतून, नकाशाच्या आधाराने आर. आर. लायरी सापडतो. अर्ध्या-अर्ध्या तासाने शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी त्याची तुलना करून आकडा लिहून ठेवा. मंद अवस्थेतून चढणीला लागला, तर सुमारे अडीच तासांत तो अडीचपट उजळतो. आज रात्री आठला तो शिखरावर असेल, तर उद्या रात्री ११ वाजून १२ मिनिटांनी पुन्हा असेल. फ्लेमिंग १९११ मध्ये गेल्या, लेव्हिट १९२१ मध्ये, बेली १९३१ मध्ये. रोमची सभा त्यांपैकी कुणीच पाहिली नाही. पण बाडे यांना जे तारे ‘दिसले नाहीत’, त्या न दिसण्याला अर्थ आला, तो या तिघांनी काचांवर आधी जे मोजून ठेवले होते त्यामुळे. तेव्हा वहीत वेळ लिहायला विसरू नका.